दीपगृहवाल्यासाठी लिहिलेले प्रश्न

बाईंच्या पत्राला प्रश्नोबांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं, त्यावर पत्ताही होता. ते शब्दकोशात घालून ठेवलेलं होतं आणि शब्दकोश तर ते रोज काढत. पत्रात मजकूर थोडाच होता. 'गेल्या आठवड्यात मुलाखतीत वेळ संपली आणि शेवटचं कार्ड तसंच राहिलं. त्यावर काय लिहिलं होतं? प्रश्न लिहिणाऱ्यांना विचारून कळवाल का? मला असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.' खाली सही. त्या सहीसाठी लोक थिएटरबाहेर उन्हात ताटकळत.

प्रश्नोबा हे नाव त्यांना रेडिओ केंद्रातल्या मंडळींनी दिलेलं. ते पाहुण्यांसाठी प्रश्न लिहून देत. विचारायचं काम आवाजसाहेबांचं. आवाजसाहेब हवामानाचा अंदाज वाचू लागले तरी बायका हातातलं काम ठेवून ऐकत. मात्र कार्डं ते आधी कधी वाचत नसत.

"वाचलं की प्रश्न शिळा होतो, प्रश्नोबा. मला तो ताजा लागतो."

हा शुद्ध कंटाळा होता, पण त्या आवाजात सांगितला की तत्त्वासारखा वाटे. कार्डांवर पाहुण्याचं नाव घालायचं नाही, हा नियमही त्यांचाच. पाहुण्याच्या नजरेला पडलं तर त्याला वाटायचं, या गृहस्थाला आपलं नावही पाठ नाही. आणि ते खरंच असायचं. म्हणून कार्डांचे गठ्ठे नुसते रबर लावून खणात ठेवलेले असत. या आठवड्याचा गठ्ठा वरच्या खणात, पुढच्या आठवड्याचा खालच्या.

त्या आठवड्यात यायचा होता एक दीपगृहाचा रखवालदार. बाईंची पाळी त्याच्यानंतर होती. पण बाईंचं शूटिंग पुढेमागे झालं, त्यांनी साहेबांना घरी फोन करून दिवस बदलून घेतला, आणि साहेब ते प्रश्नोबांना सांगायचं विसरले. प्रश्नोबा चहाचा कप घेऊन काचेपाशी आले, तर आत बाई बसलेल्या. साहेबांच्या हातात वरच्या खणातला गठ्ठा. दारावरचा लाल दिवा लागलेला. तो लागला की छत कोसळलं तरी दार उघडायचं नाही, अशी केंद्राची शिस्त. कार्यक्रम थेट जात होता.

साहेबांनी मधाळ आवाजात पहिलं कार्ड वाचलं. "दिवसभर कुणाशी बोलणं झालं नाही, तर संध्याकाळी आपलाच आवाज आपल्याला कसा लागतो?"

नव्या चित्रपटाबद्दल सांगायला बाईंनी तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं. रेडिओवर शांतता म्हणजे अपघातच. ध्वनी सांभाळणाऱ्या माणसाचा हात गाण्याच्या तबकडीकडे गेला.

"घोगरा," बाई म्हणाल्या. "परक्यासारखा. मागे एकदा सुट्टी होती, दिवसभर कुणी आलं नाही. संध्याकाळी दूधवाल्याशी बोलले, तर तो म्हणाला, सर्दी झाली का?"

"सोबतीला काही पाळलं आहे?"

"एक पाल आहे. पाळलेली नाही. पण असते."

"वादळात झोप लागते का?"

"वादळात छान लागते. सगळं शांत असलं की लागत नाही."

"जिना चढताना मध्ये थांबता, तेव्हा मनात काय येतं?"

बाई हसल्या. "वर कुणी नाहीये, मग घाई कशाला करा, असं येतं."

साहेबांना यात काही वावगं वाटलं नाही. ते स्वतःचा आवाज ऐकत होते. काचेबाहेर प्रश्नोबांच्या हातातला चहा गार झाला. आधी त्यांना घाम फुटला होता, पण हळूहळू घामाची जागा नवलाने घेतली. समुद्रात खडकावर राहणाऱ्या माणसासाठी लिहिलेले प्रश्न या बाईंच्या घरात जाऊन इतके आरामात बसले कसे? एक कार्ड उरलं आणि वेळ संपली.

पुढच्या आठवड्यात रखवालदार आला. त्याला तीच कार्डं वाचून दाखवली. तो "बरा लागतो", "नाही", "लागते", "काही नाही" असं म्हणाला. शेवटच्या कार्डावर होतं, 'गावात उतरलात तर लोक तुम्हाला ओळखतात का?' त्यावर तो म्हणाला, "न ओळखायला काय झालं? सासुरवाडी आहे माझी."

मग बाईंचं पत्र आलं; शूटिंगमुळे त्यांनी रखवालदाराचा कार्यक्रम ऐकला नसावा. साहेबांनी ते न वाचताच पुढे सरकवलं. "हे तुमचं खातं."

प्रश्नोबा उत्तर लिहायला बसले आणि अडकले. जिचा चेहरा गावोगावच्या भिंतींवर होता, तिला विचारायचं की लोक तुम्हाला ओळखतात का? पहिल्याच ओळीत तिला कळलं असतं की कार्डं दुसऱ्याची होती. तिला वाटत होतं, कुणीतरी आपला विचार करून हे लिहिलंय. आणि तिच्यासाठी प्रश्नोबांनी खरोखर काय लिहिलं होतं? 'पहिली भूमिका कशी मिळाली?' खरं सांगावं तर तिच्या हातातलं काढून घेतल्यासारखं. खोटं सांगावं म्हणून त्यांनी एक छानसा प्रश्न रचून पाहिला, तर तो निरोपसमारंभातल्या भाषणासारखा झाला. शेवटी त्यांनी पत्र शब्दकोशात ठेवलं.

ते तिथेच राहिलं. आवाजसाहेब गेले, प्रश्नोबा निवृत्त झाले, आणि थोरल्या बहिणीबरोबर, अक्काबरोबर, राहू लागले. एका सकाळी अक्का मटार सोलत रेडिओ ऐकत होती आणि प्रश्नोबा कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते. रेडिओवर कुणी तरुण निवेदक बाईंचं स्वागत करत होता.

"तुमचा तो घोड्यावरचा प्रसंग अजून लोकांच्या लक्षात आहे."

"तो मी नाही केला," बाई म्हणाल्या. आवाज म्हातारा झाला होता, पण प्रश्नोबांनी ओळखला.

"अच्छा. मग कुणी केला?"

"जी घोड्यावर होती तिने."

अक्का म्हणाली, "या गाढवाला तुझ्या वेळी तुमच्याकडे नोकरी लागली असती."

"लागली होती," प्रश्नोबा म्हणाले.

निवेदक गडबडला आणि म्हणाला, मग तुम्हीच काहीतरी सांगा. बाई म्हणाल्या, "आज तुमच्या फाटकावर मला नाव विचारलं. कुणाकडे आलात, काय काम आहे, सगळं विचारलं. मजा वाटली मला." मग त्या म्हणाल्या, "याच इमारतीत माझी एक मुलाखत झाली होती. फार चांगले प्रश्न होते. त्यातलं एक कार्ड राहून गेलं. अजून त्याच घरात राहते, तोच जिना आहे. चढताना धाप लागली की थांबते आणि विचार करते, काय असेल त्या कार्डावर?"

"वा," निवेदक म्हणाला. "आणि तुमचा आवडता रंग?"

अक्काने रेडिओ बंद केला. "ते तुझंच ना रे?"

"दीपगृहवाल्याचं होतं," प्रश्नोबा म्हणाले, आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. सांगताना नजर पुस्तकावरच होती.

"मग कळव की तिला."

"तिला वाईट वाटेल, अक्का."

"तुला कसं ठाऊक? विचारलंस?" अक्काने एक शेंग मोडली. "जन्मभर दुसऱ्याच्या तोंडून सगळ्या जगाला विचारत बसलास. हिच्या बाबतीत मात्र प्रश्नही तूच आणि उत्तरही तूच."

 प्रश्नोबा फाटकाचा विचार करत होते. कुणाकडे आलात, म्हणून विचारलं. त्यांना एकदम वाटलं की तो न विचारलेला प्रश्न इतकी वर्षं शब्दकोशात पडून पडून बाईंच्या मापाचा झाला आहे. की आपलंच मन आपल्याला असं पटवतंय? ते त्यांना ठरवता येईना. पण या वेळी न ठरवताच त्यांनी कागद काढला.

'ती कार्डं तुमच्यासाठी नव्हती,' त्यांनी लिहिलं. 'एका दीपगृहाच्या रखवालदारासाठी होती. चुकून तुमच्यापुढे आली. तुमच्यासाठी लिहिलेली वेगळी होती आणि ती अगदीच सामान्य होती. पण उत्तरं तुम्ही दिलीत तशी त्याने दिली नाहीत. राहिलेल्या कार्डावर होतं, गावात उतरलात तर लोक तुम्हाला ओळखतात का? तोही प्रश्न त्याचाच. आता मात्र तो मी तुम्हाला विचारतो आहे, माझा म्हणून. उत्तर वाचायची फार उत्सुकता आहे, पण तुम्ही घाई करू नका.'

अक्काने चष्मा लावून वाचलं. "घाई करू नका कशाला? वयं बघा दोघांची."

त्यांनी ते शेवटचे शब्द खोडले. नवा कागद घेऊन पुन्हा लिहायला बसलो तर हे परत शब्दकोशात जाईल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून खाडाखोड तशीच ठेवून त्यांनी पाकीट चिकटवलं आणि चपला घातल्या.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी एक बाई मुलीला कडेवर घेऊन बसची वाट पाहत होती. प्रश्नोबांनी पत्ता पुन्हा वाचला, तिकीट नीट चिकटलंय का पाहिलं, पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि तसेच उभे राहिले.

"आजोबा, अडकलं का?" त्या बाईने विचारलं.

"नाही, नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी हात सोडला. पाकीट पडल्याचा आवाज येईल म्हणून त्यांनी कान लावला, पण आला नाही. आत आधीची बरीच पत्रं असावीत.