कापलेला कोपरा

आमच्या पोष्टमास्तरांना तिकिटं जमवायचा नाद होता, आणि त्या नादापायी माझं डोकं फिरायची वेळ आली होती. नाद कुणाला नसतो? माझ्या सासऱ्यांना कबुतरांचा होता, मला पतंगांचा आहे. पण पतंगाला शेपूट हवं म्हणून मी शेजाऱ्याचं धोतर फाडत नाही. साहेब मात्र लोकांची कार्डं कापत.

साल पस्तीस. विलायतेच्या राजाच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून सरकारने चित्रांची नवी तिकिटं काढली होती. साहेब कोकणातले, नुकतेच बदलून आलेले. सकाळी टपालाची थैली उघडली की आधी चष्मा चढवून त्यातली पत्रं चाळायचे. पाकिटावरचं तिकीट ते चहाच्या वाफेवर सोडवत. कार्डाला वाफ दिली तर शाई पसरते, म्हणून कार्डाचा तिकिटाकडचा कोपराच छोट्या कात्रीने कापून घेत. तिकीट वहीत चिकटवून खाली तारीख घालायची, आणि उरलेलं कार्ड माझ्यापुढे सरकवायचं. "मजकूर शाबूत आहे ना? मग झालं!"

झालं कसं? आमच्याकडे कोपरा गेलेलं कार्ड म्हणजे मौतीचं कार्ड. घरात कुणी गेलं की नातेवाइकांना कळवताना लिहिणारा कोपरा फाडून कार्ड टाकतो. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही हातात घेताच कळावं, एवढ्यासाठी. असलं कार्ड उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. बाहेरच ऐकायचं, तिथंच फाडून फेकायचं आणि अंघोळ करायची. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. साहेबांना मी पहिल्याच आठवड्यात हात जोडून सांगितलं.

ते हसले. "अरे युसुफ, हा कात्रीने कापलेला कोपरा आहे, अगदी सरळ रेषेत. फाडलेलं आणि कापलेलं यातला फरक लोकांना शिकव की."

मी शिकवू! रोज पाच-सहा कोस पायपीट, पायताणांचे तळ झिजलेले, पाटीलवाड्यातली कुत्री वेगळीच, आणि वर ही शाळा चालवू! नाद यांचा आणि घसा मी कोरडा करायचा. बरं, कापलेली कार्डं आजवर नशिबाने पेठेतल्या व्यापाऱ्यांची निघाली होती. त्यांना वाचता येत होतं; ते शिव्या घालून मोकळे झाले. शिव्याही मलाच.

दुसऱ्यांदा बोलायला गेलो तो दिवस मात्र मी चुकीचा निवडला. सकीनाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी दोन वर्षांपासून सुरत दाखवायचं कबूल केलं होतं. दरवेळी काहीतरी आडवं यायचं. शेवटी डिसेंबरातल्या एका शुक्रवारची रजा मंजूर झाली. सकाळच्या गाडीने जायचं, चौक बाजार हिंडायचा, तिथली गोड घारी खायची, आणि जमलंच तर सिनेमा बघायचा. सकीनाने नवा बुरखा शिवला होता. आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. आदल्या दिवशी, गुरुवारी, मी पोष्टात गेलो तर साहेब पुन्हा कात्री घेऊन बसलेले.

"साहेब, हे खेड्यातलं कार्ड आहे. नका कापू."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "उद्याची रजा हवी आहे ना तुला?"

एवढंच बोलले. कोपरा खटकन कापला आणि कार्ड माझ्या गठ्ठ्यावर टाकलं. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! पण रजेचा कागद त्यांच्या हातात होता. मी संताप गिळला, थैली खांद्याला मारली आणि निघालो.

कार्ड कोरीट गावच्या गजराबाईंच्या नावचं होतं. ही म्हातारी विधवा, मुलगा बन्सीलाल शेती बघतो, आणि मुलगी तापीबाई कळसाडीला दिलेली. तापीबाईची आधीची दोन बाळंतपणं माहेरी झाली आणि दोन्ही लेकरं हाती लागली नाहीत. म्हणून या खेपेला सासूने तिला पाठवलंच नाही. दिवस भरले होते. गेल्या महिन्याभरात माझी खाकी टोपी दिसली की गजराबाई दारात येऊन उभी राहायची.

या नोकरीत मला काही आवडत असेल तर ते हेच. कुणाच्या तरी ओट्यावर टेकायचं, हातावर मूठभर शेंगदाणे पडायचे, आणि कार्ड वाचून दाखवायचं. लोक माझ्या तोंडाकडे बघतात. कुणाला नोकरी लागलेली असते, कुणाची म्हैस व्यालेली असते. सांगितल्याशिवाय मात्र मी कुणाचं कार्ड वाचत नाही. थैलीत माझ्या काखेत असलं तरी नाही. हा माझा नेम आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

कोरीटला पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. वाटेवर सगळा वेळ मी साहेबांशी मनातल्या मनात भांडत होतो. सरकारचा पगार खाता आणि लोकांची कार्डं कुरतडता! वरच्या साहेबाला अर्ज करीन, करीन म्हणजे करीनच! गजराबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. मला बघून तिने हात पदराला पुसले.

"कोठलं कार्ड शे, भाऊ?"

"कळसाडीनं शे, माय."

"बस मंग. वाची दे."

पुढं अजून तीन गावं होती. लवकर आटोपून घरी जायचं, पेटी बांधायची, पहाटे उठायचं. मी कार्ड तिच्या हातात ठेवलं.

"आज घाई शे, माय. बन्सीलाल वाची दी."

आणि मी चालू लागलो. मनाशी म्हटलं, कापलेलं आहे, फाडलेलं नाही; डोळे असलेल्याला दिसेल. बघा, साहेबांचंच वाक्य माझ्या डोक्यात! गावाबाहेरच्या चिंचेपर्यंत गेलो आणि मागून हंबरडा ऐकू आला.

परत धावलो. अंगणात बायका जमल्या होत्या. गजराबाई मिरच्यांवरच बसली होती आणि छाती बडवत होती. कार्ड कुठाय विचारलं तर तिने उकिरड्याकडे हात केला. फाडून फेकलंसुद्धा! कुणी एका अक्षरावर नजर टाकली नव्हती. कळसाडीचं कार्ड, पोरीचे दिवस भरलेले, आणि कोपरा नाही. वाचायचं काय राहिलं होतं?

"माय, तसं काही नही शे!" मी ओरडलो. "आम्हना साहेबनी कात्रीघाई कापं ते! तिकीटकरता!"

कुणी ऐकेना. तेवढ्यात बन्सीलाल शेतातून धावत आला. त्याने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मी तेच पुन्हा सांगितलं.

"धीर देवाकरता खोटं नको बोलू, भाऊ," तो म्हणाला.

मी खोटं बोलतोय! ज्या माणसाने साहेबाला दोनदा सांगितलं, तो खोटा! पण त्यांचंही काय चुकलं? वहीत चिकटवायला कुणी मौतीचा कोपरा कापतो, यावर कोण विश्वास ठेवील? दहा मिनिटांत बैलगाडी जुंपली. मायलेक तापी नदीच्या वाटेला लागले. पलीकडे कळसाडीला ते असे रडत-ओरडत पोहोचणार, आणि आत पाळणा हलत असला तर? ज्या घरात दोन लेकरं गेली, तिथं तिसऱ्याच्या दारात रडणं घेऊन जायचं! त्या सासूने म्हातारीला उभ्या जन्मात माफ केलं नसतं. आणि खरंच काही झालं असेल, तर तेही कुणाला ठाऊक नव्हतं.

मी उकिरड्यात शिरलो. हसू नका. सरकारी शिपाई, खाकी कोट, आणि शेणात हात घालून कागद वेचतोय! चार तुकडे मिळाले. पाचवा शेळीच्या तोंडात होता. तो तिच्या जबड्यातून ओढून काढला तेव्हा तिने मला शिंग मारलं. तुकडे कोटाला पुसले, ओट्यावर मांडले आणि आयुष्यात पहिल्यांदा न सांगता दुसऱ्याचं कार्ड वाचलं. 'चि. सौ. तापीस कन्या झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. पाचवीस अवश्य येणे.'

तिथून जो धावत सुटलो! थैली कंबरेवर आपटत होती, घसा जळत होता, आणि पावलागणिक मी साहेबांचा उद्धार करत होतो. त्यांची वही, त्यांची कात्री, त्यांचा चहा. कोस-दीड कोसावर गाडीची धूळ दिसली. हाका मारून मारून बन्सीलालला ऐकू गेलं. त्याने बैल थांबवले.

श्वास पुरत नव्हता. गाडीच्या फळीवर तुकडे जुळवले आणि वाचलं. गजराबाईने पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. बन्सीलालला अक्षरं येत होती. त्यानेही प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवून वाचलं आणि गाडीच्या चाकाला टेकून मटकन खाली बसला.

"आंडेर जयनी," म्हातारी म्हणाली. "मन्ही तापीले आंडेर जयनी." ती रडत होती आणि हसतही होती. पदराने तिने माझ्या कपाळावरचं शेण पुसलं.

मला तर केवढा हुरूप आला. आता हे ऐकतील, आता यांना पटेल! मी सगळं सांगायला सुरुवात केली. साहेबांना पहिल्यांदा सांगितलं ते, मग आज सकाळी सांगितलं ते, रजेची धमकी, खटकन कापलेला कोपरा. माझा आवाज चढला होता. बन्सीलालही तापला, अर्जावर सगळ्या गावाचे अंगठे देतो म्हणाला.

गजराबाईने मात्र मला मधेच अडवलं.

"म्हणजे तुले ठाऊक व्हतं?"

"तेच तं सांगी ऱ्हायनू, माय! साहेबले दोनदा सांगं मी!"

"साहेबले सांगं," ती हळूच म्हणाली. "मन्हा हातमा कार्ड दिधं, तव्हय मले कसाले नही सांगं?"

साहेबांचं नाव माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. ते तिथंच राहिलं. बन्सीलालनेही मान वर केली. एकच बोल तर लागत होता. 'कोपऱ्याकडे बघू नको, माय.' तेवढं बोलायला चिंचेपर्यंत जाण्याइतकाही वेळ लागला नसता.

"मले घाई व्हती, माय," मी म्हणालो.

तिने तुकडे गोळा करून पदरात बांधले आणि बन्सीलालला बैल हाक म्हणून खूण केली.

"जाय मंग, भाऊ," ती म्हणाली. "घाई शे ना तुले."