केझायाचा वाटा

"आखून झालं का, ताई?" जेबेझने पुन्हा विचारलं, तेव्हा केझाया शेवटची खुंटी ठोकत होती.

"झालं. निवड आता."

त्यांच्या गावात रीतच तशी होती. बाप मृत्युपत्र न करता गेला होता, म्हणून घर आणि घरालगतची शेतं थोरल्या असाहेलकडे गेली. उरलेल्या जमिनीचे दोन वाटे धाकट्या दोघांचे. मोठ्या भावंडाने हद्द आखायची, धाकट्याने आधी निवडायचं आणि आखणाऱ्याने उरेल ते गोड मानायचं. केझायाने कसं आखलं असेल याचं गावाला एवढं कुतूहल, की बर्फ वितळून चिखल झालेला असतानाही शेजारी दगडी कुंपणाशी येऊन उभे राहिले होते.

असाहेलने तिला चुलीजवळची खोली देऊ केली होती. बिनलग्नाच्या बहिणीला भाऊ तेवढीच द्यायचे, आणि त्याबद्दल स्वतःची पाठही थोपटून घ्यायचे. केझायाने सरळ सांगितलं, "दादा, तुझ्या बायकोच्या चुलीपाशी मी म्हातारी व्हायची नाही. मला माझी जमीन हवी."

आणि तिला कुठली हवी होती, तेही तिच्या मनात पक्कं होतं. टेकडीच्या उतारावर सगळे दगडच, पण तिथे सफरचंदाची तीन झाडं होती. आईच्या अंगणातलं झाड वादळात पडलं, तेव्हा असेच पालवीच्या आधीचे दिवस होते. त्या पडलेल्या झाडाच्या काड्या काढून केझायाने उतारावरच्या रानटी खुंटांवर कलमं बांधली होती. ते सफरचंद तळघरात वसंतापर्यंत टिकायचं. पंचक्रोशीत ती जात दुसरीकडे उरलेली नव्हती.

जेबेझने टेकडीखालचं कुरण घ्यावं म्हणून तिने ते चांगलं सजवून आखलं होतं. रस्ता कुरणात, ओढा कुरणात, नांगराला एक दगड आडवा येणार नाही अशी सपाट जमीन. दुसऱ्या बाजूला नुसता उतार. आंधळ्यानेही कुरणच उचललं असतं.

जेबेझ मात्र आंधळा नव्हता, संशयी होता, आणि संशयाला औषध नाही. तो दोन्ही तुकडे फिरून आला, माती चिमटीत चोळली आणि मग नुसता बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिला. केझाया उताराकडे न बघण्याचा फार प्रयत्न करत होती. तिथेच ती फसली.

"एवढा गूळ लावून ठेवलाय कुरणाला," तो म्हणाला. "म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार. मी उतार घेतो."

केझायाला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे वेड्या, तुझ्या भल्याचंच होतं ते. पण रीत म्हणजे रीत. निवडणाऱ्याने निवडलं होतं.

शेजारच्या म्हाताऱ्या वॉडहॅमने उतारावर जाऊन कुदळीने गवतासकट मातीचं ढेकूळ काढलं, मग जवळच्याच झाडाची एक काडी सुरीने छाटली. काडी सफरचंदाची होती. दोन्ही जेबेझच्या हातात देऊन तो म्हणाला, "ही माती, ही काडी आणि यांच्याबरोबर ही जमीन तुझी. आम्ही साक्षीला आहोत."

मग सगळे कुरणात उतरले. तिथे वॉडहॅमने एक ढेकूळ आणि ओढ्याकाठच्या वाळुंजाची काडी केझायाच्या हातात ठेवली, तेच शब्द म्हटले. ढेकूळ जड होतं, गार होतं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी तिच्या एकटीच्या नावाचं झालं होतं, आणि तिला रडू येत होतं.

"आता उतारावर यायचं तर मला विचारून हं, ताई," जेबेझ हातातल्या काडीने बुटाचा चिखल खरवडत म्हणाला. "आणि खरं सांग, काय आहे तिथे?"

"सफरचंदं," ती म्हणाली.

तो हसला. त्याचा विश्वास बसला नाही. काडी टाकून, काय ते शोधायला तो पुन्हा उताराकडे निघाला.

"ही घेऊ का रे?" तिने मागून विचारलं.

"काटकी? घे की," तो मागे न बघता म्हणाला.

केझायाने वाकून ती उचलली. काडीवरचे पालवीचे डोळे अजून घट्ट मिटलेले होते. काडी तिने ॲप्रनला पुसली आणि छाटलेलं टोक आपल्या ओल्या ढेकळात हलकेच खोचून ठेवलं.