बहिणीची पिन

मी एक छोट्या काडतुसाची रायफल बोलतेय. बंदूक म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरतात, पण मी आयुष्यात कागदाशिवाय कशालाही भोक पाडलेलं नाही. काळी वर्तुळं छापलेले कागद, तेही हजारोंनी. एवढ्यावर कोणी मला वाईट म्हणणार असेल तर म्हणो बापडं.

माझा कारखाना कधीच बंद पडला. तिथं आता फरश्या विकतात म्हणे. माझ्या बहिणी कुठे कुठे पांगल्या, पत्ता नाही. मला मात्र घर चांगलं मिळालं. नेमबाजी शिकवणाऱ्या मास्तरांनी मला आणलं आणि तीस वर्षं पोटच्या पोरीसारखं जपलं. त्यांची खरी पोर त्यामुळेच माझा राग राग करायची. तिने मला कधी हातसुद्धा लावला नाही.

माझ्या जातीची एक खोड आहे. आमच्या काडतुसाच्या बुडाला, अगदी कडेवर पिन आपटली की बार उडतो. नळी रिकामी असताना चाप ओढला, तर तीच पिन नळीच्या पोलादी कडेवर आदळते आणि झिजत झिजत तुटते. म्हणून घरी नुसता सराव करताना मास्तर आधी उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी आत सरकवायचे, म्हणजे घाव तिच्यावर बसतो. शिष्य विसरला तर त्याला क्लबातल्या सगळ्या चटया झटकायला लावायचे.

मग मास्तरांनाच विसर पडू लागला. आधी चष्मा, मग घरची वाट, मग माणसं. लेकीने काडतुसं क्लबात जमा केली, पण मला ठेवून घेतलं. कारण सकाळी मी हातात आले की मास्तर तासभर भानावर यायचे. खिडकीशी बसून समोरच्या भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरायचे आणि शेजारी उभ्या लेकीला सांगायचे, "चिमणे, अर्धा श्वास सोड. थांब. आता दाब." उरलेला दिवसभर ती त्यांच्या लेखी कामाला ठेवलेली कोणी बाई असायची. त्या एका तासापुरती ती चिमणी असायची. तिचा माझ्यावरचा राग कधी निवळला, तिलाही कळलं नसेल.

त्यांना श्वास आठवत होता, बोटाचा दाब आठवत होता, पुंगळी तेवढी आठवत नव्हती. लेकीला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी सांगणार कशी? रोज शंभरदा घाव सोसला आणि एके सकाळी पिनेचं टोक तुटलं. चाप ओढल्यावर आवाज बद्द आला. मास्तरांनी आणखी एकदा ओढून पाहिला, मला टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "ही माझी नव्हे." त्यानंतर ते मला हात लावीनात.

लेक मला घेऊन बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे धावली. पिन ज्यात बसते तो सरकता बोल्ट उघडून त्याने तुटकं टोक तळहातावर घेतलं आणि असं का झालं ते समजावलं. "मी रोज शेजारी उभी होते हो," ती एवढंच म्हणाली.

कारागिराने स्वतः पिन घडवून पाहिली. पहिली नरम निघाली, त्याने चार दिवस चाप ओढून पाहिला, तेवढ्यात चपटी झाली. दुसरी केसभर जाड, बोल्टच अडकला. जुने सुटे भाग विकणाऱ्या एकाने पाठवलेली पिन माझ्याच नावाच्या रायफलची होती, पण आधीच्या वर्षातली, आखूड. कारखान्याने मधेच माप बदललं आणि कोणाला सांगितलं नाही. मोठ्यांचे कारभार! लेक कामावरून सुटली की फोन करत बसायची. मास्तर खिडकीशी बसलेले असायचे, हात मांडीवर. त्या हातांना काही कामच उरलं नव्हतं.

सात महिन्यांनी माझी एक बहीण सापडली, दुसऱ्या गावी, एका आजींकडे. आजींचा नवरा गेल्यापासून ती खिळ्याला टांगलेली होती. लेक मला घेऊन तिथे गेली. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पिन काढून घे बाई. आमची नुसती भिंत धरून बसलीय." बहिणीच्या पोटातली पिन माझ्या पोटात आली. तंतोतंत बसली. मला आनंद व्हायला हवा होता, पण खिळ्यावर परत टांगलेल्या तिच्याकडे मला बघवेना.

दुसऱ्या सकाळी लेकीने आठवणीने पुंगळी सरकवली आणि मला मास्तरांच्या हातात दिलं. त्यांनी दस्त्यावरून हात फिरवला. मी जीव मुठीत धरून होते.

"छान आहे हो. कोणाची?"

"आमच्या बाबांची," लेक म्हणाली.

"मग इथे कशाला आणलीत? त्यांना नेऊन द्या. वाट बघत असतील."

ती "हो, देते" म्हणाली. मग तिने मला कपाटात ठेवलं. तेव्हापासून मी इथेच आहे, पूर्ण दुरुस्त.

तुमच्या घरी माझी एखादी बहीण बंद पडून असेल, तर तिला भंगारात घालू नका. कोणाची तरी लेक तिला शोधत फिरत असेल. त्या लेकीला सापडा, आणि जरा लवकर सापडा.