होंडा आली की आला?

सीमेवरच्या चिंताकी गावातल्या भीमराजकडं गाडी नव्हती आणि त्याचा मेहुणा राजपाल याच्याकडं होती. पुढचं सगळं रामायण एवढ्यावरनं घडलं.

राजपालची होंडा लालभडक. दाजीला मागं बसवून औरादच्या बाजाराला न्यायचा, तेव्हा प्रत्येक खड्ड्याला ओरडायचा, "दाजी, अंग हलकं धरा! टायर माझं हाय!" भीमराज दात-ओठ खात अंग हलकं धरायचा. बसल्या जागी अंग हलकं कसं धरायचं असतं, हे अजून जगात कुणाला कळलेलं नाही, पण तो बिचारा धरायचा.

अशात एका सकाळी भोंगा लावलेला ऑटो गावात शिरला. भोंगा कन्नडमध्ये ओरडत होता. भीमराजची तरुणपणाची वर्षं हैदराबादला गेलेली. हिंदी-दखनी त्याला पाण्यासारखी यायची, कन्नड मात्र मिरच्यांचा भाव करण्यापुरतीच. भोंग्याच्या लांबलचक भाषणातलं त्याला एवढंच कळलं: सरकार, शेतकरी, अनुदान आणि 'कृषी होंडा'.

बस्स! चहा अर्धा टाकून गडी ठाणाकुशनूरला, शेतीखात्याच्या रयत संपर्क केंद्रात. संध्याकाळी परतला तो छाती फुगवूनच.

"सुमन, अर्ज दिऊन आलो! सरकार शेतकऱ्याला होंडा द्यायलंय. थोडे पैसे आपले, बाकी सगळे सरकारचे."

"सरकार गाडी कामून दिल?" सुमनबाईनं भाकरी थापता थापता विचारलं.

"शेताला जायला! अन् नुसती गाडी न्हाई. केंद्रातले चनमल्लप्पा साहेब बोटांवर मोजून सांगितले. खाली अंथरायला प्लास्टिक, म्हंजी गाडीचं कव्हर. भवतीनं तारेचं कुंपण, चोरी हू नये म्हणून. वर डिझेल पंप!"

"घरीच पंप?"

"मग? अन् पाण्याचे फवारे, गाडी धुवायला!"

दहावीतली लेक मैत्रेयी कोपऱ्यात गृहपाठ करत होती. तिचं पेन जागीच थांबलं. सहामाहीत कन्नडला वर्गात पहिली आली होती ती, आणि तेव्हापासून दुकानाच्या पाट्यासुद्धा मोठ्यानं वाचायची.

"अप्पा, कन्नडमधी होंडा म्हंजी खड्डा! कृषी होंडा म्हंजी शेततळं!"

"तुझं शाळेतलं कन्नड हाय. हे सरकारी कन्नड हाय."

"गाडी कुठं ठेवायची म्हणले साहेब?"

"खालच्या वावरात, उताराला. उतारावर लावली की किक मारायची गरज न्हाई. लई हुशार माणूस हाय."

मैत्रेयीनं कपाळाला हात लावला. पण मनातून ती हरखली. शेततळं! तिची आणि मायची वांगी-मिरची दरसाल संक्रांत उलटली की माना टाकायची, कारण विहीर तळाला जायची. खालच्या वावरात तळं झालं तर उन्हाळाभर बाजाराला माळवं! फक्त अप्पानं ऐन वेळी मोडता घालायला नको. आणि अप्पाचा राग तिला ठाऊक होता. एकदा 'न्हाई' म्हणाला की म्हणालाच. म्हणून तिनं पुन्हा खड्ड्याचं नाव काढलं नाही.

अर्ज मंजूर व्हायच्या आतच भीमराजनं उदगीरहून हेल्मेट आणलं. काळं, चकचकीत. ते घालूनच तो म्हशीला वैरण टाकायचा. म्हैस दोनदा दावं तोडून पळाली.

मग साहेबांचा फोन आला: मंजूर झालं, उद्या जेसीबी येणार.

"होंडाला जेसीबी कामून?" सुमनबाई.

"नवी गाडी चालवत आणली तर मळती. उचलून आणत्यात."

सकाळी खालच्या वावरात अर्धी चिंताकी जमली. भीमराज हेल्मेट घालून, हातात झेंडूचा हार घेऊन उभा. राजपाल लाल होंडावर रेलून बघत होता. जेसीबी आली. मागून चनमल्लप्पा साहेब उतरले आणि चुन्याची फक्की टाकून त्यांनी भलामोठा चौकोन आखला.

"भीमराज अण्णा, होंडा इथंच करू ना?"

"करू? आणली न्हाई व्हय?"

"आणायचा कसा? खोदायचा असतो की!"

हेल्मेट एकदा साहेबांकडं वळलं, एकदा जेसीबीकडं. आवाज आला तो राजपालचा. तो हसता हसता गाडीवरनं घसरला. "दाजी, खड्डा! सरकारनं खड्डा दिला! आता अंग जड धरा!"

भीमराजनं हार भिरकावला. "बंद करा मशीन! माझ्या वावरात मला खड्डा नको!"

साहेब गडबडले. "न्हाई म्हणत असाल तर सही द्या, दुसरा शेतकरी वाट बघायलाय."

मैत्रेयीच्या डोळ्यापुढं वांग्यांनी माना टाकल्या. ती धावत त्या चौकोनाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि मावशीच्या लग्नातसुद्धा ओरडली नसेल इतक्या जोरात ओरडली, "राजपालमामा! तुमच्या होंडात पेट्रोल किती मावतंय?"

"टाकी फुल केली तर... धा लिटर."

"आमच्या होंडात लाखो लिटर पाणी मावतंय! तुमची होंडा आली, आमचा होंडा आला! तुमची पंक्चर हुती. आमच्याला चाकच न्हाई, पंक्चर कशाची हुती?"

गाव खदखदा हसलं, पण या वेळी राजपालला. भीमराजनं हळूच हेल्मेटची काच वर केली. लेकीकडं बघितलं, मग चौकोनाकडं. चौकोन राजपालच्या गाडीपेक्षा खरंच लई मोठा होता.

"मी कवाचाच सांगायलोय," तो घसा खाकरून म्हणाला, "की आपली होंडा मोठी हाय म्हणून. साहेब, खोदा!"

आणि हार उचलून त्यानं जेसीबीच्या बकेटला घातला. ड्रायव्हरशेजारी बसून, हेल्मेटसकट, पहिला घास त्यानंच काढायला लावला.

पावसाळ्यात होंडा काठोकाठ भरला. संक्रांत गेली, शिवरात्र गेली, तरी वांगी ताठ मानेनं उभी होती. मैत्रेयी आणि सुमनबाईनं माळव्याच्या दोन पाट्या भरून वाटेवर आणल्या. राजपाल गाडी घेऊन हजर, आता स्वतःहून.

"दाजी, खरं सांगा, तुमचा होंडा एव्हरेज काय देतोय?"

भीमराजनं हेल्मेट चढवलं, पाटी मांडीवर घेतली आणि मागं ऐसपैस बसला. अंग अजिबात हलकं न धरता.

"एका पावसात उन्हाळाभर," तो म्हणाला. "चल, खड्डा बघून चालव. पाटीमधी वांगी हायती."