गुरुवारचे तसराळे

मित्रांनो, मी एक जुने तसराळे आहे. तसराळे म्हणजे रुंद तोंडाचे, पसरट भांडे. हल्ली हे समजावून सांगावे लागते. अंगाने मी पत्र्याचे, वर पांढऱ्या एनॅमलचा मुलामा आणि काठाला निळी रेघ. कारखान्याच्या भट्टीत मला इतके तापवले की त्यानंतर गरम काय आणि गार काय, मला काही वाटेनासेच झाले. हे आधीच सांगितलेले बरे, कारण माझी गोष्ट अशाच बधिरपणाची आहे.

माझी पहिली मालकीण म्हणजे मल्लेश्वरममधल्या रत्नाबाई. त्यांचे घराणे कित्येक पिढ्यांपासून बंगळुरातच आहे, पण घरात मराठी टिकून आहे, कानडीची फोडणी दिलेली. घरातल्या तान्ह्या बाळांच्या अंघोळीचे पाणी माझ्यात काढत. रत्नाबाई आधी त्यात स्वतःचा कोपर बुडवायच्या, "स्वल्प गार घाल गं," असे सुनेला सांगायच्या आणि मगच बाळाला हात लावायच्या. त्या दिवसांत माझा थाट विचारू नका. मला घासायलाही त्या दुसऱ्या कुणाला देत नसत.

नातवंडे मोठी झाली आणि मी माळ्यावर गेले. पुढे त्यांच्या वरच्या मजल्यावर ब्राझीलहून आलेले एक मिशनरी कुटुंब भाड्याने राहू लागले. पाउलो, त्याची बायको लूसिया आणि शाळेत जाणारी त्यांची मुलगी बियान्का. एके दिवशी लूसियाने विचारले, "लोकांचे पाय धुवायला मोठे भांडे मिळेल का?" रत्नाबाईंनी मला खाली काढून तिच्या हाती दिले. बाळांच्या अंघोळीचे भांडे पायांना द्यावे, याचा मला राग आला होता. पण भांड्याच्या रागाला कोण विचारतो!

मी शहराच्या दुसऱ्या भागात, कोरमंगलाला आले. तिथल्या झगमगीत हॉटेलांच्या मागे नाल्याकाठी एक वस्ती आहे. वस्तीत या कुटुंबाने पत्र्याची एक खोली घेतली होती. पाउलो तिथे मुलांचा अभ्यास घेई. लूसिया दर गुरुवारी एका बुटक्या स्टुलापुढे बसून पाय धुवून देई. झाडूवाल्या यायच्या, बांधकामावरच्या बाया यायच्या. ती त्यांच्या भेगा स्वच्छ करी, नखे कापी, तेल लावी. जखम दिसली की भाग्यलक्ष्मी नावाच्या नर्सकडे पाठवी. भाग्यलक्ष्मीने तिला पहिल्याच दिवशी बजावले होते, "ज्यांना साखरेचा आजार आहे, त्यांच्या पायांना गरम पाणी अजिबात नको. त्यांना भाजलेले कळत नाही." लूसिया ते पाळत होती. आपल्याकडे जीव भांड्यात पडतो म्हणतात. माझ्यात मात्र नुसते पायच पडत होते, आणि मला ते आवडूही लागले होते.

सगळ्यांत उशिरा तयार झाली ती महानंदाक्का. ती चिकोडीकडची, मराठी आणि कानडी दोन्ही घरचीच. एका पीजी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची, दिवसभर ओल्यात उभी. साखरेच्या आजाराने तिची पावले बधिर झाली होती. लूसिया पायांकडे वाकली की ती पाय मागे ओढून घ्यायची.

"मी तुमच्या पाया पडायचं की तुम्ही माझ्या? पाप लागंल की मला."

लूसियाने तिला कितीदा तरी समजावले. शेवटी महानंदाक्का स्टुलावर टेकली ती अट घालूनच.

"माझी यल्लम्मा माझी, तुमचा येशू तुमचा. बोलायचं न्हाई त्यातलं काही. पाय धुवा."

"सरी," म्हणजे ठीक आहे, असे लूसिया कानडीत म्हणाली, आणि दोघी हसल्या. तेव्हापासून महानंदाक्का कधी चुकली नाही. लूसियाला मराठी तिनेच शिकवली, त्यामुळे ब्राझीलची ही बाई अगदी चिकोडीची मराठी बोलू लागली.

मग ईस्टरच्या आधीचा गुरुवार आला. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या आठवणीचा हा दिवस. लूसियाच्या गावच्या चर्चमध्ये या दिवशी सगळे एकमेकांचे पाय धुतात. तिचे गाव पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. तिथे ईस्टर थंडीच्या तोंडावर येतो, म्हणून तिची आजी या एका दिवशी पाणी कढत करून त्यात सुगंधी पाला टाकायची. लूसियाला आपल्या वस्तीतल्या बायांचा तसाच मान करायचा होता. बंगळुरात एप्रिलचे ऊन रणरणत होते, तरी तिने किटलीत पाणी तापवले. ही चूक करायला दुसऱ्या टोकाहूनच यावे लागते, आणि फार प्रेमही असावे लागते.

महानंदाक्काची पाळी आली तेव्हा माझ्यातले पाणी निवले होते. सणाच्या भरात भाग्यलक्ष्मीची ताकीद विसरून लूसियाने किटलीतले उरलेले कढत पाणी सगळे माझ्यात ओतले. हात घालून पाहायच्या ऐवजी तिने हात जोडले आणि डोळे मिटले. प्रार्थना तिच्या भाषेत होती आणि लांबलचक होती. महानंदाक्काचे पाय माझ्यात होते. तिनेही डोळे मिटले होते. प्रार्थना संपल्यावर लूसियाने विचारले, "बरं वाटालंय न्हवं अक्का?"

"छान वाटालंय," महानंदाक्का म्हणाली. तिला काहीच वाटत नव्हते, पण इतक्या मायेने कुणी विचारल्यावर दुसरे काय म्हणायचे?

संध्याकाळपर्यंत तिच्या उजव्या पावलावर मोठे फोड आले. ते चिघळले. दवाखान्यात तिची दोन बोटे काढावी लागली.

वस्तीतले कुणी भांडायला आले नाही. आले असते तर बरे झाले असते. लूसिया रडलीही नाही. ती खोलीवर यायची, स्टुलावर बसायची आणि भिंतीकडे बघत राहायची. कुणी चहा दिला तर प्यायची, नाही दिला तर मागायची नाही. पाउलो बोलला की "हं" म्हणायची. गुरुवार येत होते आणि जात होते. मला कोपऱ्यात उपडे टाकले होते. माझ्यावर धूळ बसली, कोळ्याने जाळे विणले, आणि मला त्याचे सुख नव्हते की दुःख नव्हते. एके दिवशी पाउलो म्हणाला, "आपण घरी परत जाऊ या." ती त्यालाही "हं" म्हणाली.

खोली रिकामी करायचा दिवस गुरुवारच निघाला. पाउलो पुस्तके खोक्यांत भरत होता. लूसिया दारापाशी उभी होती. तेवढ्यात काठी टेकत महानंदाक्का आली. दोघींनी एकमेकींकडे पाहिले.

"दर गुरुवारी येऊन दारातनंच परत जाते मी," महानंदाक्का म्हणाली. "तुम्ही भिंतीकडं बघत बसालाय."

ती आत आली आणि स्टुलापर्यंत गेली. तिच्यामागे फरशीवर लाल डाग उमटत गेले. डावा पाय, चांगला राहिलेला. वाटेत चप्पल फाडून काच घुसली होती आणि तिला पत्ताच नव्हता.

"काय बघालाय?" महानंदाक्काने विचारले.

लूसियाने डागांकडे बोट दाखवले. पाउलो म्हणाला, "मी भाग्यलक्ष्मीला बोलावतो," आणि धावत गेला.

"माझ्यामुळं तुमची बोटं गेली," लूसिया कशीबशी म्हणाली.

"गेली. तुमच्यामुळंच गेली," महानंदाक्का म्हणाली. "खोटं कशाला बोलू? आणि मी बी 'छान वाटालंय' म्हणून बसले. पण राहिलेली कुणी बघायची? मला तर कळत न्हाई."

लूसिया कोपऱ्यात आली. तिने मला उचलले, कोळ्याचे जाळे पुसले, आणि नळाखाली धरून स्वच्छ विसळले. मग नळाचे साधे पाणी भरून मला स्टुलापुढे ठेवले.

"थांबा," महानंदाक्का म्हणाली. "आधी कोपर घाला. लेकराच्या पाण्यात घालतात तसा."

लूसियाने कोपर बुडवला. मग महानंदाक्काने वाकून आपला कोपर बुडवला. मल्लेश्वरम सोडल्यापासून माझ्यात कुणाचा कोपर पडला नव्हता.

"गार आहे," लूसिया म्हणाली.

"गार आहे," महानंदाक्का म्हणाली, आणि पाय सोडला. तेव्हा कुठे लूसिया रडली. रडता रडता तिने पाय धुतला, आणि काच दिसताच स्वच्छ फडके धरून भाग्यलक्ष्मी येईपर्यंत तो पाय मांडीवर घेऊन बसली. पाय वाचला. खोकी अजून अर्धवट भरलेलीच पडून आहेत, आणि गुरुवारी दाराशी चपलांची रांग असते.

मित्रांनो, आता माझ्या काठाची निळी रेघ पुसट झाली आहे आणि तळाचा मुलामा उडाला आहे. माझे मागणे फार नाही. तुम्हांला कुणासाठी पाणी काढायचे झाले, तर आधी त्यात आपला कोपर घाला. समोरचा "छान आहे" म्हणाला, तरी घाला. आणि काम झाले की मला कोरडे पुसून उपडे ठेवा. जिथे मुलामा उडाला आहे तिथे गंज चढतो, आणि तो मला कळत नाही.