चकचकीत कठडे

धाकटीला घरीदारी सगळे धाकटीच म्हणत, अगदी ती रुग्णालयातल्या सफाईची मुकादम झाल्यावरही. काळपट पडलेली कुठलीही वस्तू तिच्या डोळ्यांत खुपायची. हाडांच्या वॉर्डात खाटांना तांब्याचे कठडे बसवले, तेव्हापासून तिला चैन नव्हतं. स्टीलचे काय वाईट होते? तांबं बघता बघता काळवंडे, बोटांचे ठसे उमटत, आणि भेटायला आलेले लोक म्हणत, "इथे पुसत नाहीत वाटतं." हे तिच्या फार जिव्हारी लागे.

थोरल्या बहिणीचं, ताईचं, खुब्याचं ऑपरेशन त्याच वॉर्डात ठरलं, तेव्हा धाकटीने कंबर कसली. सगळे कठडे घासले आणि वर पारदर्शक वॉर्निशचा हात मारला. ताईच्या खाटेला दोन हात. कोणाला विचारलं नाही; विचारायचं काय त्यात? ताई त्याच कठड्याला धरून उठे-बसे आणि आल्यागेल्याला सांगे, "माझ्या बहिणीचं काम आहे हे."

मग जखम चिघळली. ताप औषधांना दाद देईना, आणि ताई गेली.

सगळं उरकल्यावर धाकटी कामावर आली. तिला रडू आलं नव्हतं. लोक बोलत ते कानावर पडे, पण आत पोचत नसे. वॉर्डात लॅबमधला माणूस तपासणीसाठी कठड्यांवरून कापसाचे बोळे फिरवत होता.

"मुकादमबाई, हे तांबं काही शोभेला बसवलेलं नाही," तो म्हणाला. "उघड्या तांब्यावर जंतू बसला की तांब्याचे कण त्याच्या अंगात शिरतात आणि तो मरतो. तांबं काळं पडलं तरी चालतं. पण यावर कोणीतरी वॉर्निश फासलंय. आता जंतू मजेत बसलेत."

"माझ्या ताईला इथूनच लागण झाली?"

"परवा घेतलेल्या बोळ्यांत जंतू तोच निघालाय. पण तो कठड्यावरून त्यांच्याकडे गेला की त्यांच्याकडून कठड्यावर आला, हे कोणीच सांगू शकणार नाही."

"मीच लावलं वॉर्निश," ती म्हणाली. बादली कुठे ठेवलीय हे सांगावं, तशा आवाजात.

"खरडून काढावं लागेल," एवढंच तो म्हणाला. तिने दिवसभर खरडलं. आता तरी काही वाटावं, असं तिला वाटत होतं. काही वाटलं नाही.

संध्याकाळी ती भावोजींकडे गेली. त्यांनी ओरडावं, दार दाखवावं, म्हणजे मोकळं होईल, असा तिचा हिशेब होता. भावोजी ताईच्या कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसले होते.

"भावोजी, कठड्यांना वॉर्निश मी लावलं. लावायला नको होतं. तांब्यावर जंतू मरतात, वॉर्निशमुळे ते मरेनासे झाले."

भावोजींनी मान वर केली नाही. "शेवटी ताप फार होता ना, तेव्हा ती कठड्याला गाल लावून पडायची. गार लागतो म्हणायची. धाकटीने पुसलाय, आता कशाची भीती नाही म्हणायची."

"भावोजी, मी काय म्हणाले ते तुम्हाला कळलं नाही."

"कळलं गं," भावोजी म्हणाले आणि शेजारची खुर्ची पुढे सरकवली. "बस."