आमच्या स्लावेला आलेला चेदा

आमच्याकडे स्लावेला, म्हणजे कुळाच्या संताच्या सणाला, कुणाला बोलवत नाहीत. कुणाच्या कुळाचा संत कोणता, हे सगळ्या गावाला पाठ असतं. त्या संताच्या दिवशी ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला दारातून परत पाठवत नाहीत. माझ्या आजोबांनी तर युद्धात त्यांच्या सख्ख्या भावाला पकडून देणाऱ्या माणसालाही त्या दिवशी टेबलाशी बसवून वाढलं होतं. ही गोष्ट मी माझ्या मुलाला, रेल्याला, शंभरदा तरी सांगितली असेल. मोठ्या तोऱ्यात सांगायचो. तेव्हाच जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

रेल्या गोलकीपर. स्टेशनच्या रस्त्याला माझं टायरचं दुकान आहे. सहा वर्षांचा असताना तो दुकानामागे जुन्या ट्यूबा पसरून त्यांच्यावर झेपा घ्यायचा, आणि मी गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून त्याला चेंडू मारत बसायचो. अठराव्या वर्षी तो क्लबच्या पहिल्या संघात आला. विसाव्या वर्षी, त्या शरद ऋतूत, अकरा सामन्यांत त्याने फक्त सहा गोल खाल्ले. डेन्मार्कच्या एका क्लबचा माणूस त्याला बघायला दोनदा येऊन गेला. सगळ्यांसारखाच सूर्यफुलाच्या बिया फोडत स्टँडमध्ये बसला आणि वहीत काहीबाही लिहीत राहिला. जानेवारीत रेल्या जाणार हे जवळपास ठरलंच होतं. गाडीचं चाक खोलायच्या आधी मी गिऱ्हाइकाला डेन्मार्क सांगायचो. वेरित्सा, माझी बायको, म्हणायची, "द्रागिशा, लोक पंक्चर काढायला येतात, भूगोल शिकायला नाही."

स्लावेच्या आधीच्या आठवड्यात रेल्या सराव आटपून दुकानात आला आणि टायरच्या ढिगावर बसला.

"बाबा, चेदा भेटला होता. माझ्या गाडीला टेकून उभा होता."

चेदाला आमच्या गावात कोण ओळखत नाही? सट्ट्याची चार दुकानं त्याची. कुठला सामना कसा सुटणार हे त्याला दोन दिवस आधी कळतं, असं लोक म्हणतात, तेही हळू आवाजात.

"काय म्हणाला?"

"तब्येत विचारली. मग म्हणाला, रविवारी पाऊस आहे, ओल्या चेंडूवरून कुणाचाही हात निसटतो, कुणी काही मनावर घेत नाही."

"आणि तू?"

"मी म्हटलं, माझा निसटत नाही."

मला हसू आलं. पोरगा माझाच.

"हसू नका. निघताना म्हणाला, शनिवारी तुमची स्लावा ना, येतो. बाबा, त्याला आत घेऊ नका."

"स्लावेच्या दिवशी?"

"एरवी कधीही घ्या. माझ्या खोलीत झोपवा हवं तर. पण सामन्याच्या आदल्या दिवशी नको. लोक काय म्हणतील ते सांगायला हवं का?"

"रेल्या, आपल्या दारातून आजवर..."

"आजोबांची गोष्ट मला पाठ आहे," तो म्हणाला.

मी "बघू" म्हटलं. माझ्या "बघू"चा अर्थ त्याला लहानपणापासून माहीत आहे.

शनिवारी सकाळी पाद्री येऊन गेला, स्लावेची भाकर कापली, मेणबत्ती लावली. दुपारपर्यंत घरात तीसएक माणसं झाली. वेरित्साने कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून मोठं पातेलंभर सार्मा केला होता, डुकराचं भाजलेलं मांस होतं, माझी घरी गाळलेली राकिया होती. या दिवशी घरचे पुरुष बसत नाहीत, उभ्याने वाढतात. मी पेले भरत होतो, रेल्या ताटल्या नेत होता. त्याला तयार करणारा तिहोमिर सर कोपऱ्यात बसून त्याला दर फेरीला बजावत होता, "उद्या ओल्या चेंडूला मूठ. धरायला जायचं नाही. मूठ, कळलं?"

साडेबाराला फाटक वाजलं. चेदा दारात उभा. एका हातात वाइन, दुसऱ्या हातात वेरित्सासाठी फुलं.

"यजमान, स्लावा लाभो."

मागे रेल्या हातात ताटल्या घेऊन थांबला होता, हे मला न वळताच कळत होतं. एक शब्द बोलायचा होता. अंगावर राकिया सांडून घेतली असती, बायको आजारी आहे म्हटलं असतं, काहीही चाललं असतं. मी बाजूला झालो आणि म्हणालो, "या."

चेदाने रीतसर छातीवर क्रुसाची खूण केली, तबकातल्या शिजवलेल्या गोड गव्हाचा चमचा तोंडात घातला, बसला. सामन्याचा अर्धा शब्द काढला नाही. सार्म्याची तारीफ केली. रेल्याने त्याच्यासमोर ताटली ठेवली तेव्हा त्याने रेल्याच्या खांद्यावर हात टाकला, आणि नेमका तेव्हाच वेरित्साची मावसबहीण लुबिंका हिने फोटो काढला. ती दरवर्षीच काढते. ताटल्या गार व्हायच्या आत तो फोटो गावभर झाला होता.

अर्ध्या तासाने चेदा गेला. मला तर वाटत होतं, आजोबा वरून बघत असतील तर खूश असतील. असा मी गाढव.

रविवारी पाऊस होताच. गोलमागच्या स्टँडमध्ये आमचेच लोक बसतात. पहिल्या मिनिटापासून त्यांनी सुरू केलं. "काय रे, चेदाला सार्मा आवडला का?" "रेल्या, आज किती वाढणार आहेस?" मी चार रांगा मागे होतो. उठून एकाची कॉलर धरावी असं वाटलं, पण धरून काय सांगणार होतो? चेदा आला नव्हता म्हणून?

एकाहत्तराव्या मिनिटाला समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला, संथ आला. तिहोमिर सर रेषेबाहेरून "मूठ!" म्हणून ओरडला ते मलाही ऐकू आलं. रेल्या वर गेला आणि त्याने दोन्ही पंजे उघडले. चेंडू त्याच्या हातांत होता. मग नव्हता. त्यांच्या ठोकळ्यासारख्या बचावपटूच्या पायाशी पडला, आणि त्याने तो नुसता ढकलला.

आम्ही एक शून्यने हरलो. गोल झाल्यावर आमच्या स्टँडमधल्या एकाने टाळ्या वाजवल्या, सावकाश. त्याच्या गाडीचे टायर पंधरा वर्षं मी बदलतोय.

घरी बूट काढताना रेल्या म्हणाला, "मूठ मारली असती तर म्हणाले असते, याला धरायचाच नव्हता. म्हणून धरायला गेलो. स्वच्छ धरायचा होता, सगळ्यांना दिसेल असा."

त्या सामन्यावर भलताच सट्टा लागला होता म्हणे. चौकशी बसली. बेलग्रेडला एका गरम खोलीत फुटबॉल संघटनेच्या तिघांसमोर मला बसवलं.

"तो माणूस आदल्या दिवशी तुमच्या घरी होता?"

"होता."

"तुम्ही बोलावलं?"

"स्लावेला कोण बोलावतं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिघांच्याही घरी स्लावा होत असणार. मधला म्हातारा चष्मा पुसत म्हणाला, "यजमान, मला समजतं हो. पण हे मी कागदावर कसं लिहू?"

कागदावर लिहिलं, सिद्ध झालं नाही. निर्दोष आहे असं मात्र लिहिलं नाही. बंदी घातली असती तर संपली तरी असती कधी. क्लबने जानेवारीत करार मोडला. डेन्मार्कहून फोन यायचा बंद झाला. रेल्याने दोनदा लावला. दुसऱ्यांदा कुणी तरी बाई गोड बोलली आणि निरोप देते म्हणाली.

मग खालच्या लीगचे दोन क्लब झाले. तिथेही पहिली चूक झाली की चेदाचं नाव. गोलकीपरकडून चूक होतेच, आठवड्याला एक तरी. पण याच्या चुकीला चूक म्हणायला कुणी तयार नव्हतं. उन्हाळ्यापासून तो माझ्याबरोबर दुकानात नट उघडतोय. हातमोजे खिळ्याला लटकलेत. मला एका शब्दाने बोलला नाही. एकदा तरी आईबहिणीवरून शिव्या द्यायच्या होत्यास रे, मी रात्रंदिवस त्याचीच वाट बघतो.

यंदा वेरित्साने पुन्हा तीस माणसांचा सार्मा केला. मी म्हटलं, कमी कर. ती म्हणाली, "आणि आले तर?" पाद्री आला, उभ्याउभ्याच भाकर कापून निघाला. लुबिंकाने फोनवरून शुभेच्छा दिल्या. तिहोमिर सरला ताप होता. एक वाजला, दोन वाजले. तीस खुर्च्यांभोवती आम्ही दोघं बापलेक उभे होतो, वाढायला.

तीनच्या सुमारास फाटक वाजलं. चेदा. एका हातात वाइन, दुसऱ्या हातात फुलं.

"यजमान, स्लावा लाभो."

मी दार अडवून उभा राहिलो. आमच्या घराण्यात जे कुणी केलं नव्हतं ते मी केलं. म्हणालो, "चेदा, परत जा. माझ्या घरात तुला जागा नाही."

"बाबा, बाजूला व्हा."

रेल्या मागे गव्हाचं तबक घेऊन उभा होता.

"नाही. आज नाही. अरे, मी त्याला..."

"तो आलाय," रेल्या म्हणाला. "बाकी कोण आलंय?"

आवाज चढवला नव्हता. मी सरकलो. चेदाने क्रुसाची खूण केली, चमचा तोंडात घातला, बसला. रेल्याने तबक ठेवलं, शेजारची खुर्ची ओढली आणि बसला. स्लावेच्या दिवशी आमच्या घरचा पुरुष टेबलाशी बसलेला मी प्रथमच पाहत होतो.

"बोला, चेदाकाका," तो म्हणाला. "कुठल्या क्लबला गोलकीपर हवाय?"

चेदाने माझ्याकडे पाहिलं आणि पेला पुढे केला. यजमान मीच होतो. मी दोघांचेही पेले भरले.